ईस्टरची उशी सरांच्या शर्टाची

चैत्र लागला की आमच्या नातेपुत्यात शिवणाच्या मशीनला उसंत नसते. शिंगणापूरच्या यात्रेला पोरांना नवे कपडे हवेत, चैत्रगौरीपुढे घालायला नवा रुमाल हवा. २०२५ च्या चैत्रात माझ्यापुढे असाच ढीग पडला होता, तेवढ्यात शेजारच्या बाई आल्या. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. ख्रिस्ती आहेत. त्यांचे यजमानही शिक्षकच, आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. आदल्या श्रावणात सर गेले.

बाईंनी पिशवीतून एक पांढरा सुती शर्ट काढला. म्हणाल्या, "अगं, तुझ्या हाताला यश आहे. याची एक उशी करून दे. ईस्टरला त्यांच्या खुर्चीत ठेवीन. रिकामी खुर्ची बघवत नाही."

मैत्रिणींनो, मी आजवर मशीन एम्ब्रॉयडरीच्या किती उश्या केल्या असतील; पण तेव्हा पोटात गोळा आला. नवं कापड बिघडलं तर दुकानातून दुसरं आणता येतं. हा शर्ट दुसरा कुठून आणणार?

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते हे पुष्कळांना ठाऊक असतं, का ते नसतं. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणजे आपल्या सणांसारखाच चंद्रावर चालणारा. २०२४ मध्ये तो होळीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला आला. २०२५ मध्ये हनुमान जयंती होऊन आठवडा झाल्यावर, २० एप्रिलला. माझ्या हाती बारा दिवस होते.

आधी नक्षीचं बोलू. परदेशी पुस्तकांत ईस्टरला पांढरी लिली असते. ती थंड हवेतली. आपल्या सोलापूरच्या उन्हात ती कुठली तग धरणार! मी बाईंना म्हटलं, या दिवसांत आपल्याकडे पांढरं काय फुलतं? मोगरा. झालं, मोगऱ्याच्या कळ्यांचा क्रूस ठरला. पायाशी काय, तर बाई म्हणाल्या, ज्वारीचं कणीस घाल. गव्हाचा दाणा मातीत पडून मेला तरच पीक देतो, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. "आपल्याकडे गहू कुठला, ज्वारीच ती," असं सर वर्गात हसून सांगत असत म्हणे. रंगही आपोआप ठरले. ईस्टरला चर्चमध्ये पांढरा आणि सोनेरी मानाचा. पांढऱ्यावर पांढरं उठून दिसत नाही, म्हणून कळ्यांच्या कडेला फिकट हिरवी रेघ आणि दाण्यांना गव्हाळ सोनेरी रेशीम घेतलं.

जुन्या कापडावर काम करताना एक पक्कं लक्षात ठेवावं: त्याला अस्तर हवंच. धुऊन धुऊन विरलेलं कापड मशीनच्या दाट टाक्याखाली गोळा होतं, चुण्या पडतात. धुऊन वाळवलेली मलमल शर्टाच्या पाठीखाली घालून चारी बाजूंनी कच्चे टाके घालावेत. न धुतलेली मलमल घालाल तर पहिल्याच धुण्यात ती आटेल आणि वरचं काम आक्रसेल. खाली वर्तमानपत्र मात्र घालू नये, त्याची शाई पांढऱ्याला लागते. रिंग लावायला कापड अपुरं पडत असेल तर कडेने चिंध्यांच्या पट्ट्या शिवून ते मोठं करून घ्यावं. काम झाल्यावर उसवता येतात.

नक्षी कार्बनने उतरवण्याच्या भानगडीत मी पडले नाही. खिडकीच्या काचेवर आधी कागद, त्यावर कापड धरलं, उजेडात रेघा दिसल्या त्या बारीक पेन्सिलने हलक्या हाताने काढल्या.

माझी मशीन साधी पायमशीन. एम्ब्रॉयडरीला वेगळी मशीन लागते असा उगाच समज आहे. कापड दाबणारा पाय काढावा, खालचे दाते उतरवावेत. उतरत नसतील तर त्यांवर बसवायची पट्टी मिळते. टाक्याची लांबी शून्यावर आणावी. सुई बारीक, ११ नंबरची. वरच्या दोऱ्याचा ताण किंचित सैल करावा, म्हणजे बॉबिनचा दोरा वर डोकावत नाही. रिंग लावताना हातकामाच्या उलट करायचं: मोठी रिंग खाली, तिच्यावर कापड, आणि आतली रिंग वरून दाबायची, म्हणजे कापड मशीनच्या पाट्याला सपाट टेकतं. पाय काढलेला असला तरी त्याची दांडी खाली पाडायला विसरू नये. ती वर राहिली तर दोऱ्याला ताण मिळत नाही आणि खाली गुंताडा होतो. नवशिक्या इथेच रडकुंडीला येतात आणि मशीनला दोष देतात!

पुढचं सगळं हातापायाच्या जोडीवर आहे. पाय भरभर, हात सावकाश, तर टाका बारीक आणि दाट. पाय हळू आणि हात घाईत, तर टाका लांब आणि दोरा तुटणार. कणसाचा एकेक दाणा म्हणजे लहानसा लंबगोल. रिंग इकडून तिकडे हलवत तो भरायचा. पहिले दहा दाणे चिंधीवरच काढावेत. मी पन्नास काढले.

आणि एवढं करूनही घोटाळा झालाच. आदल्या रात्री मी मशीनला तेल दिलं होतं. सकाळी चिंधीवर चार फेऱ्या मारायच्या सोडून थेट शर्ट लावला. सुईच्या दांड्यावरून तेलाचा थेंब टपकला, बरोबर क्रूसाच्या डाव्या हाताखाली. मला घाम फुटला. पण आधी पाणी लावलं नाही, हे बरं केलं. वर-खाली टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवली, सकाळी झटकली, साबणाचा फेस बोटाने चोळला, गार पाण्याने धुतलं. डाग नव्वद टक्के गेला. बाईंना मी लगेच जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "राहिला तर राहू दे, त्यांच्या शर्टाला सायकलचं तेल नेहमीच असायचं."

रंगीत रेशीम वापरण्याआधी वीतभर दोरा भिजवून पांढऱ्या फडक्यात गुंडाळावा आणि गरम इस्त्री दाबावी. फडक्याला रंग लागला तर तो दोरा वापरायचा नाही. मिठाच्या पाण्यावर विसंबू नये. काम झाल्यावर इस्त्री उलट बाजूने, खाली जाड सोलापुरी टॉवेल घालून करावी, म्हणजे उठाव दबत नाही.

उशी सोळा इंची धरली, म्हणून दोन्ही बाजू सतरा इंच कापल्या. पाठीचं कापड पुढे, आणि शर्टाची बटणांची बाजू उशीच्या मागे. बटणं जशीच्या तशी ठेवली, तेच उशीचं तोंड. वेगळी चेन नको की काही नको, खोळ काढून धुवायची सोय झाली. आत मांजरपाटाची वेगळी पिशवी, सतरा इंचाची. खोळीपेक्षा आतली उशी इंचभर मोठी असली की ती टरारून बसते. भरायला सावरीचा कापूस घेतला. तो हलका आणि गार, पण भरताना पंखा बंद ठेवावा, नाहीतर घरभर म्हातारीचे केस! आधी चारी कोपरे ठासावेत, मग मधला भाग.

ख्रिस्ती घरातलं काम करताना मला एक गोष्ट आठवत होती. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार बायकांना जी कामं शिकवली, त्यांत शिवण होतं. सुईदोऱ्याने स्वतःच्या पायावर उभं राहायचं, हे तिथल्या कित्येक जणी शंभर वर्षांपूर्वीच शिकून गेल्या. आपण मात्र अजून "नुसतं शिवणकाम" म्हणतो. बाईंनी मजुरीचे पैसे पुढे केले तेव्हा मी रेशीम आणि कापसापुरते घेतले. एरवी मात्र असं करू नये. तुमच्या डोळ्यांची किंमत तुम्हीच लावायला हवी.

एक सांगायचं राहिलं. कापताना शर्टाचा खिसा मी काढून टाकणार होते, त्याला खाली लाल शाईचा डाग होता. बाई म्हणाल्या, खिसा राहू दे. म्हणून चौकोन जरा खाली सरकवून कापला, खिसा उशीच्या मागे डाव्या कोपऱ्याला आला. ईस्टरच्या पहाटेची उपासना आटोपून आल्यावर बाईंनी मला चहाला बोलावलं. उशी खुर्चीत होती, पण उलटी ठेवलेली, कणीस मागे आणि खिसा पुढे. खिशात त्यांनी सरांचा चष्मा ठेवला होता.