ढगाआडून बर्फ मोजणारी तबकडी

उत्तर ध्रुवावर सप्टेंबरात मावळलेला सूर्य थेट मार्चमध्ये उगवतो, आणि तो असतो तेव्हा ढग आड येतात. साध्या कॅमेऱ्याच्या भरवशावर गोठलेल्या समुद्राची नियमित नोंद ठेवता येणार नाही. तरीही १९७८च्या अखेरीपासून अशी नोंद आहे. ती ठेवली मायक्रोवेव्ह रेडिओमीटरांनी.

हे यंत्र स्वतः काही पाठवत नाही. प्रत्येक वस्तूतून, उजेड असो वा नसो, अत्यंत क्षीण मायक्रोवेव्ह लहरी निघत असतात आणि ढगांतूनही पार होतात; तेवढ्या ते टिपतं. गंमत अशी की, समुद्राचं पाणी बर्फापेक्षा उबदार असूनही या लहरी सोडण्यात कमालीचं कंजूष. त्यामुळे १९ गिगाहर्ट्‌झच्या नकाशात थंडगार बर्फ उजळ दिसतो आणि पाणी काळं. शिवाय पाण्याकडून येणाऱ्या उभ्या आणि आडव्या ध्रुवीकरणाच्या लहरींत मोठी तफावत असते, बर्फात ती किरकोळ. एका चौकटीत किती टक्के बर्फ आहे, हे मुख्यतः या तफावतीवरून काढतात. पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त भरला की ती चौकट बर्फाळ धरायची, असा रिवाज आहे. जुन्या बर्फातलं खारं पाणी झिरपून जातं आणि हवेचे बुडबुडे उरतात. ३७ गिगाहर्ट्‌झच्या लहरी त्यांवर विखुरतात, म्हणून बर्फाचं वयही थोडंफार कळतं.

अमेरिकेच्या लष्करी हवामान उपग्रहांवरचा एसएसएम/आय हा या घराण्यातला खरा कामकरी. सुमारे ८३० किलोमीटर उंचीवर त्याची तबकडी दोन सेकंदांच्या आत एक फेरी घेई. त्या एका फेरीतच ती एकदा अंतराळातल्या गारठ्याकडे आणि एकदा ठरावीक तापमानाच्या तप्त ठोकळ्याकडे बघून आपलं माप तपासून घेई. आपल्याकडे काटा तपासायला वर्षातून एकदा वजनमापवाले येतात. इथे तपासणी प्रत्येक फेरीला.

दृष्टी मात्र अधू. नेहमीच्या नकाशातली एक चौकट पंचवीस किलोमीटरची. उन्हाळ्यात बर्फावर वितळपाण्याची डबकी साचली की यंत्र त्यांना उघडा समुद्र समजतं. गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राच्या मोहिमेचं जहाज अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याशी वाट शोधतं, तेव्हा एवढ्या ठोकळ नकाशावर भागत नाही. तिथे रडारच्या बारीक प्रतिमा हव्यात. पण ठोकळपणाचाही फायदा असतो. १९७०च्या दशकात निंबस-५ उपग्रहावरच्या एकाच वारंवारितेच्या उपकरणाने अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात भर हिवाळ्यात सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटरचं उघडं पाणी दाखवलं, तेही १९७४ ते १९७६ असे सलग तीन हिवाळे. जहाजावरून हे भगदाड एका नजरेत कोणाला दिसलं असतं?

माझ्या मते या नोंदीचं खरं मोल तिच्या सांध्यांत आहे. निंबस-७ उपग्रहावरचं, या नोंदीतलं पहिलं उपकरण वीज पुरवून वापरावी लागे म्हणून दिवसाआड चालायचं. १९८७च्या जुलै-ऑगस्टमध्ये ते थकलं, तेव्हा नव्या एसएसएम/आयसोबत त्याची जोडीने मोजणी जेमतेम सहा आठवडे झाली. तेवढ्यावर दोघांची मापं जुळवली गेली. सप्टेंबर २०१२मध्ये आर्क्टिकचा बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरांवर उतरला, त्याला आजवरचा नीचांक म्हणता येतं ते या जुळवणीमुळेच.

आणि तरी ही साखळी कोणी जपून ठेवलेली नाही. २००९मध्ये एका उपग्रहाचं माप घसरल्याने बर्फ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांनी कमी मोजला गेला. २०१६मध्ये त्याच लष्करी मालिकेतल्या एफ-१७ उपग्रहावरची एक वाहिनी बिघडली आणि नोंद एफ-१८वर न्यावी लागली. मालिकेतला शेवटचा, बांधून तयार असलेला उपग्रह पैसे थांबले म्हणून उडालाच नाही. जून २०२५मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने काही दिवसांच्या मुदतीवर माहिती बंद करण्याचं जाहीर केलं. ओरड झाल्यावर मुदत वाढली. पण तोवर शास्त्रज्ञांना जपानच्या एएमएसआर-२ या मायक्रोवेव्ह रेडिओमीटरचा आधार शोधावा लागला होता. तो ज्यावर आहे तो उपग्रह २०१२चा, आयुष्य पाच वर्षांचं गृहीत धरून बांधलेला. त्याचा वारस एएमएसआर-३ जून २०२५च्या अखेरीस जपानच्या तानेगाशिमा तळावरून कक्षेत गेला. पुन्हा तेच काम: जुना चालू आहे तोवर दोघांची मापं जुळवून घ्यायची.