नॉर्वेचा सतरा मे

राष्ट्रीय दिन म्हटला, की रणगाडे, तोफा आणि डोक्यावरून घोंघावत जाणारी विमाने डोळ्यांपुढे उभी राहतात. १४ जुलैला पॅरिसमध्ये हेच, २६ जानेवारीला दिल्लीतही हेच. नॉर्वेत मात्र १७ मे रोजी राजधानी ऑस्लोच्या हमरस्त्यावरून शाळेतली पोरे चालतात! शंभरावर शाळा, प्रत्येकीचे निशाण निराळे, हातोहाती कागदी झेंडे. राजाच्या रक्षकदलाचा बँडही असतो. पण खरा मान मुलांचा. राजवाड्याच्या सज्जात राजा सहकुटुंब उभा राहून हात हलवीत असतो. बायाबापड्या आपापल्या मुलखाचा भरतकामाचा लोकरी पोशाख आणि चांदीची लेणी घालून येतात, आणि त्या दिवशी मुलांनी आइस्क्रीम किती खाल्ले हे कोणी मोजायचे नसते.

हा दिवस स्वातंत्र्याचा नव्हे, राज्यघटनेचा. चारशेहून अधिक वर्षे नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली होता. डेन्मार्कने नेपोलियनची बाजू धरली आणि ती अंगाशी आली. जानेवारी १८१४ च्या तहात त्याने नॉर्वे स्वीडनच्या पदरात टाकला. बुडत्या सावकाराने आपली कुळे दुसऱ्याच्या नावे करावीत, तसा प्रकार! कुळांना कोण विचारतो? पण ही कुळे वेगळ्या मातीची निघाली. आइड्सवोल या गावी एका लोखंडाच्या कारखानदाराच्या वाड्यात एप्रिलमध्ये ११२ प्रतिनिधी जमले. त्यांत अधिकारी होते, लष्करातले लोक होते, व्यापारी होते आणि शेतकरीही होते. १७ मे रोजी त्यांनी घटना पुरी केली आणि तिथल्या डॅनिश राजपुत्राला आपला राजा निवडले. निरोप घेताना सर्वांनी हातात हात गुंफून शपथ वाहिली, की डोव्हरचे डोंगर कोसळेपर्यंत आमची एकजूट सुटणार नाही. आपल्या शिलालेखांतले ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ इथे कोणालाही आठवेल.

डोंगर जागेवर राहिले, पण राजा वर्षभरही टिकला नाही. उन्हाळ्यात स्वीडनने स्वारी केली, दोन-तीन आठवडे लढाई झाली आणि बिचाऱ्याला गादी सोडावी लागली. मात्र तडजोडीत घटना तेवढी स्वीडनने मान्य केली. राज्य गेले, कागद राहिला. पूर्ण फारकत व्हायला पुढे १९०५ साल उजाडावे लागले. मधल्या नव्वद वर्षांत या लोकांनी तो कागद प्राणापलीकडे जपला, आणि म्हणूनच त्याची तिथी साजरी करणे हे स्वीडनच्या राजाच्या डोळ्यांत सलू लागले. हा राजा कार्ल योहान म्हणजे मूळचा एका फ्रेंच वकिलाचा मुलगा, राज्यक्रांतीच्या लाटेवर सेनापतिपदाला चढलेला! त्याने १८२८ साली या उत्सवावर बंदी घालावी, हा इतिहासाचा एक खट्याळ विनोदच.

दुसऱ्याच वर्षी, १७ मे १८२९ च्या संध्याकाळी, क्रिस्तियानियाच्या (ऑस्लोचे तेव्हाचे नाव) धक्क्यावर एक आगबोट लागली. लोक ती पाहायला जमले. बोटीचे नाव होते ‘कॉन्स्टिट्यूशन’! मग काय, जयजयकार झाला, गाणी झाली आणि गर्दी बाजारचौकाकडे वळली. तिच्यावर घोडेस्वार घालण्यात आले. त्या गर्दीतल्या हेन्रिक वेर्गेलान नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला तलवारीच्या पात्याचा चपटा तडाखा बसला. हाच पोरगा पुढे नॉर्वेचा थोर कवी झाला. १८३३ साली या दिवसाचे पहिले जाहीर भाषण केले तेही त्यानेच. तोवर बंदी निकालात निघाली होती.

पोरांची मिरवणूक निघाली १८७० साली. तिच्यामागे साहित्यिक ब्यॉर्नसन होता, राष्ट्रगीतही त्याचेच. आपल्याला हा गृहस्थ अगदीच परका नव्हे. ‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ साली रंगभूमीवर आणलेले श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे त्याच्याच नाटकावरून घेतलेले. पहिल्या मिरवणुकीत सुमारे १२०० मुलगे होते. मुलींना त्यात पाऊल टाकायला १८८९ पर्यंत थांबावे लागले. स्त्रीच्या बाजूने नाटके लिहिणाऱ्या ब्यॉर्नसनच्या देशातली ही गोष्ट!

जर्मन अमलात (१९४०–४५) हा उत्सव पुन्हा बंद पडला. ८ मे १९४५ ला देश सुटला आणि नवव्याच दिवशी सतरा मे आला. त्या दिवशी रस्ते कसे फुलले असतील, ते वाचकांनीच कल्पावे.

पण ज्या घटनेची ही पूजा, तिच्या दुसऱ्याच कलमात एक काळा डाग होता. ज्यूंना या राज्यात प्रवेश नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. स्वातंत्र्याचा उदारातला उदार लेख लिहिणाऱ्या त्या ११२ जणांच्या सभेने हेही लिहून ठेवले. हे कलम काढावे म्हणून १८३९ पासून झगडला तो वेर्गेलान. १८४२ साली प्रस्ताव पडला, १८४५ साली तो स्वतः वारला, आणि १८५१ साली ते वाक्य खोडले गेले. त्याच्या थडग्यावरील स्मारक ज्यूंनी कृतज्ञतेने उभारलेले आहे. दर सतरा मेला, मुलांची मिरवणूक निघण्यापूर्वी, ऑस्लोच्या ज्यू समाजाची तरुण मंडळी तिथे फुलांचे चक्र वाहतात.