मंदी व रोजगार

मंदी व रोजगार : मालाची एकूण मागणी, उत्पादन व गुंतवणूक ही सतत घटत जाणाऱ्या व्यापारचक्राच्या अवस्थेस मंदी म्हणतात. अशा काळातही काही कंपन्यांना नफा होत असतो. त्यांनी अधिक कामगार नेमून बेकारी कमी करावी काय, हा अर्थशास्त्रातील एक वादाचा प्रश्न आहे.

कामगारांची मागणी ही मूलतः मालाच्या मागणीतून उद्भवते. नफा झालेल्या विक्रीवर अवलंबून असतो, तर नवी नेमणूक पुढील विक्रीच्या अपेक्षेवर. शिवाय उत्पादनतंत्रही महत्त्वाचे ठरते. नागपूर जिल्ह्यातील मौदा येथील औष्णिक विद्युत् केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन व ६६० मेगावॉटचे दोन असे एकूण २,३२० मेगावॉट क्षमतेचे संच आहेत. अशा भांडवलप्रधान उद्योगास उभारणीच्या काळात मोठ्या संख्येने मजूर लागतात. पुढे मात्र तुलनेने थोडे प्रशिक्षित कर्मचारी पुरेसे होतात. नफा वाढला, तरी केवळ माणसे वाढवून विजेचे उत्पादन वाढत नाही.

दुसरी अडचण अशी, की एका कंपनीने दिलेले जादा वेतन बहुतांशी इतरांच्या मालावर खर्च होते. खर्च तिचा व लाभ इतरांचा, अशी स्थिती असल्याने सर्वांच्या हिताची गोष्टही कोणी एकटा करीत नाही. जॉन मेनार्ड केन्स (१८८३–१९४६) याने १९३६ मध्ये मंदीत शासकीय खर्च वाढविण्याचे जे समर्थन केले, त्यास हीच पार्श्वभूमी आहे.

तथापि असलेले कामगार टिकवून धरणे पुष्कळदा कंपनीच्याही हिताचे असते. कारण अनुभवी कामगार गमावल्यास तेजीत नव्यांना शिकविण्याचा खर्च पडतो. जर्मनीत २००९ मध्ये राष्ट्रीय उत्पादन सुमारे ५ टक्के घटले; परंतु कामाचे तास कमी करून व बुडालेल्या वेतनाचा काही भाग शासनाने देऊन बेकारी फारशी वाढू दिली नाही.

महाराष्ट्रात हा भार वाटून घेण्याचा निराळा मार्ग अवलंबिण्यात आला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या सुमारास राज्यभर सुरू झाली. १९७७ चा तिचा अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. अशा रीतीने नोकरदार व व्यावसायिक यांच्या उत्पन्नाचा अंश ग्रामीण मजुराच्या रोजीकडे वळविला गेला. मौद्यासारख्या भातशेतीच्या भागात हंगाम संपल्यावर काम नसलेल्या शेतमजुरास अशा हमीचा आधार मोठा. मात्र ही हमी ग्रामीण अकुशल श्रमापुरती होती. कारखान्यातून कमी झालेल्या कुशल कामगाराचे कसब तीत उपयोगी पडत नसे. त्यामुळे नफ्यातील कंपनीकडून मंदीत सरसकट नोकरभरतीची अपेक्षा करण्यापेक्षा तिने कामगार टिकवावेत व कराचा वाटा उचलावा, आणि शासनाने त्यातून रोजगार पुरवावा, ही विभागणी अधिक व्यवहार्य ठरते.