पूर-पूर्वानुमान आणि ग्रामीण सुरक्षितता : कृष्णा-पंचगंगा खोऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
२००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांनी महापूर अनुभवला. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या ग्रामस्थांची बोट उलटून जीवितहानी झाली. पुराचा इशारा मिळणे आणि त्याचा अर्थ वेळेत कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात हा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वानुमानाचे घटक :
पूर्वानुमान प्रामुख्याने तीन बाबींवर आधारलेले असते : पाणलोट क्षेत्रातील पाऊस, धरणांतून होणारा विसर्ग आणि नदीची पाणीपातळी. पावसाचा अंदाज भारतीय हवामान विभाग देतो. विसर्गाची माहिती जलसंपदा विभाग 'क्युसेक' म्हणजे प्रतिसेकंद घनफूट या एककात देतो, तर केंद्रीय जल आयोग प्रमुख नद्यांच्या पातळीचे पूर्वानुमान वर्तवितो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे ४० व ४५ फूट आहेत.

आकड्यांचा स्थानिक अर्थ :
हे आकडे विशिष्ट ठिकाणचे असतात. प्रत्येक गावाची उंची मात्र वेगळी असते. शिवाय नृसिंहवाडी येथे पंचगंगा कृष्णेस मिळते. कृष्णा दुथडी भरून वाहत असता पंचगंगेचे पाणी तुंबते. त्यामुळे शिरोळ तालुक्यात स्थानिक पाऊस थांबल्यानंतरही पाणी चढू शकते. म्हणून 'आपल्याकडे उघडीप आहे' हा सुरक्षिततेचा निकष ठरत नाही. राजाराम बंधाऱ्यावर किंवा आयर्विन पुलाजवळ किती फूट पाणी असता आपल्या गावचा रस्ता बंद होतो, याची नोंद ग्रामपंचायतीने मागील पुरांवरून करून ती चावडीवर रंगवावी.

सुरक्षिततेचे उपाय :
१) रस्ता बंद होण्यापूर्वीच वृद्ध, गर्भवती, लहान मुले व आजारी व्यक्तींना हलवावे. बोट हा अखेरचा पर्याय मानावा. तिच्यात क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसवू नयेत व प्रत्येकास जीवरक्षक जाकीट द्यावे.
२) जनावरांसाठी उंचावरील जागा व वैरण आधी ठरवावी. गोठ्यातील जनावरांच्या काळजीपोटी अनेक कुटुंबे घर सोडत नाहीत. हलविणे अशक्य झाल्यास दावी सोडावीत.
३) वाहत्या पाण्यातून पूल वा फरशी ओलांडू नये. घर सोडताना विजेचा मुख्य स्विच बंद करावा.
४) पूर ओसरल्यावर पाणी उकळून प्यावे. सर्पदंश झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

निष्कर्ष :
पूर्वानुमान कितीही अचूक असले, तरी गावाच्या पातळीवर त्याचा अर्थ लागल्याशिवाय ते जीव वाचवू शकत नाही. महाविद्यालयांचे भूगोल विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक यांनी परिसरातील गावांच्या पूररेषा नोंदविण्याचे काम हाती घेतल्यास ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल.