कमरेवरची न भरणारी जखम

हिंगोली जिल्ह्यात, पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात शेतीचे बरेचसे काम वाकूनच करावे लागते. खुरपणी असो वा कापसाची वेचणी, परकराची नाडी किंवा धोतराची गाठ दिवसभर कमरेच्या एकाच जागी रुतते. तेथे घाम साचतो, कातडी काळवंडते, जाड होते, खाजते. कधी जखमही होते. तिला हळद लावून घरची बाई पुन्हा शेतात जाते. बहुतेक वेळा एवढ्यावरच भागते. क्वचित मात्र ती जखम भरतच नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी 1945 साली अशाच एका विकाराकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. वर्षानुवर्षे घट्ट धोतर नेसणाऱ्यांच्या कमरेवर उद्भवणारा हा त्वचेचा कर्करोग होता. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तो आढळला. हा आजार दुर्मिळ आहे; पण त्याचे कारण रोजच्या नेसण्यात दडलेले आहे.

नाडीच्या काचण्याने कर्करोग कसा होतो, हे समजण्यासाठी त्वचेची घडण पाहावी लागते. बाह्यत्वचेच्या तळाशी पेशी सतत विभागत असतात. त्यांतील काही वर सरकतात, विभागणे थांबवतात, केराटिनने भरतात आणि सुमारे चार आठवड्यांनी मृत खवल्यांच्या रूपाने गळून पडतात. प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात. त्यांतील कोणती केव्हा चालू वा बंद करायची, हे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिने ठरवतात. त्वचेत त्यांपैकी ‘पी-63’चे स्थान मोठे आहे. हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या पिलांना जन्मतः थरदार त्वचाच नसते, असे 1999 साली दिसून आले. त्याचेच भावंड ‘पी-53’ पहारेकऱ्याचे काम करते. पेशीच्या डीएनएत बिघाड झाला, तर ते विभाजन थांबवते किंवा त्या पेशीला मरण पत्करायला लावते.

जखम वारंवार उकलली की ती भरून काढण्यासाठी तळच्या पेशींना पुन्हा पुन्हा विभागावे लागते. प्रत्येक विभाजनात चुकीची शक्यता असते. अशा चुका साठत जाऊन पहारेकरीच निकामी झाला, तर पेशी प्रौढ होण्याऐवजी विभागतच राहते. उन्हातील अतिनील किरणांमुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगातही ‘पी-53’चे जनुक बहुधा बिघडलेले आढळते.

म्हणून काही साध्या गोष्टी घरोघरी पाळाव्यात. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी वापरावी, ती सैल बांधावी आणि गाठीची जागा बदलत राहावी. घामाने भिजलेली कंबर धुऊन कोरडी ठेवावी. कमरेवरची किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणावरची जखम चार आठवड्यांत भरली नाही, तिच्या कडा जाड झाल्या, रक्त वा दुर्गंधी येऊ लागली, तर केवळ हळदीवर विसंबू नये. डॉक्टर जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासतात; त्यावरून निदान होते. वेळीच कळले तर तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढून रुग्ण बहुधा बरा होतो. उशीर झाल्यास रोग जांघेतील गाठींपर्यंत पोहोचू शकतो.

कमरेवरची जखम दाखवायला आपल्याकडील स्त्रिया संकोचतात. घरातल्यांनी आपणहून विचारले, तर तो संकोच दूर होईल.