बंब, चर्च आणि वर जाणारी ऊब

मढजवळ एरंगळच्या किनाऱ्यावर सेंट बोनाव्हेंचरचे चर्च १५७५ पासून उभे आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तेथे जत्रा भरते. ऐन थंडीतली, पण आपली थंडी ती किती! सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला, त्याचे अप्रूप अजून आहे. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चला ती हिवाळ्यातली साधी सकाळ. तरीही तिथल्या व्हिक्टोरियन गरम पाण्याच्या नळांविषयी मी वाचत असतो, ते मढच्या उकाड्याचा विचार करताना उपयोगी पडते म्हणून.

ती यंत्रणा म्हणजे आपला बंबच, फक्त त्याला लांबलचक नळ जोडलेले. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, नळांतून फिरताना निवते, जड होऊन परत बंबात उतरते. पंप नाही. मात्र हा जोर फार तोकडा असतो. ८० अंशांचे पाणी ४० अंशांच्या पाण्याहून जेमतेम दोन टक्के हलके. तीन मीटर उंचीच्या फरकावर मिळणारा दाब सहा सेंटिमीटर पाण्याच्या थराएवढा. म्हणून नळ चार इंची ओतीव लोखंडाचे, आणि बंब जमिनीखालच्या खड्ड्यात. या खड्ड्यांत हमखास पाणी साचे. (एरंगळला असा खड्डा खणला असता, तर भरतीने तो कधीच भरून टाकला असता.) अँजियर मार्च पर्किन्स या इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या अमेरिकन अभियंत्याने १८३१ मध्ये निराळी पद्धत काढली: बारीक, जाड पत्र्याच्या, पूर्ण बंद नळ्या. दाबामुळे त्यांतले पाणी शंभर अंशांच्या पुढे तापूनही उकळत नसे.

रविवारच्या प्रार्थनेसाठी शनिवारीच कोळसा पेटवत. पण तापलेली हवाही पाण्यासारखीच वर जाते. ऊब छताशी, भाविकांचे पाय गारच. दर आठवड्याच्या या तापण्या-निवण्याने हवेतील आर्द्रता वरखाली होई आणि ऑर्गनचे, जुन्या कोरीव कामाचे लाकूड तडके. माणसांसाठी आणलेली ऊब वास्तूला सोसली नाही.

चर्च ऑफ इंग्लंडने २०२० मध्ये ठरवले की २०३० पर्यंत निव्वळ कर्बउत्सर्जन शून्यावर आणायचे. त्यामुळे अनेक चर्चमध्ये आता बाकांखाली छोटे विजेचे हीटर बसत आहेत. सगळी इमारत तापवण्याऐवजी बसलेला माणूस तापवायचा.

आपल्याकडे प्रश्न उलटा, पण जात तीच. जुन्या वास्तूंना वातानुकूलन बसवण्याची टूम निघते, तेव्हा खिडक्या बंद होतात. उंच छताखाली वर साचणारा उकाडा माणसांपासून दूर राहत होता. आता तो सगळा घनफळासकट गार करावा लागतो. समुद्राकडची दमट, खारी हवा गार भिंतीला लागली की तिथे पाणी सुटते, आणि चुन्याच्या गिलाव्याला मीठ पोखरते. छताचा पंखा हवा गार करत नाही, तो फक्त घाम वाळवतो. बाकाखालच्या हीटरचा तो सख्खा भाऊ.

निर्णय अर्थातच तिथल्या लोकांचा. पण यंत्राची ऑर्डर देण्याआधी एक आर्द्रतामापक वर्षभर आत टांगावा, आणि जत्रेच्या रविवारचा आकडा ऑगस्टमधल्या एखाद्या दिवसाच्या आकड्याशेजारी लिहून पाहावा.