मुका बेलबॉय

बोलपट म्हटला कीं त्याला कथानक हवें, ही अपेक्षा मनांत धरूनच प्रेक्षक चित्रगृहांत शिरतो. जेरी लुईस या अमेरिकन विनोदी नटाच्या 'दि बेलबॉय' या १९६० सालच्या चित्रपटांत मात्र आरंभींच चित्रसंस्थेचा एक बडा अधिकारी पडद्यावर येऊन सांगतो कीं, या चित्राला कथाच नाहीं. हा अधिकारी खोटा, एका नटानें वठविलेला. पण त्याचें म्हणणें अक्षरशः खरें आहे.

बेलबॉय म्हणजे मोठ्या हॉटेलांत घंटी वाजतांच धांवत येऊन पाहुण्यांचें सामान खोलीपर्यंत नेणारा गणवेषधारी नोकर. या चित्रांतला स्टॅन्ली असाच एक धांदरट पण आज्ञाधारक नोकर आहे. त्याची फजिती जेथें होते तें फाँटनब्लू हॉटेल खरेंखुरें आहे. फ्लॉरिडांतील मायामी बीच येथें १९५४ सालीं तें उघडलें.

चित्राचा जन्मही घाईचाच. लुईसचें 'सिंडरफेला' हें चित्र तयार होतें. तें उन्हाळ्यांत झळकावें असा पॅरामाउंट कंपनीचा आग्रह, तर तें नाताळांतच यावें असा लुईसचा हट्ट. तेव्हां उन्हाळ्याची जागा भरून काढण्यासाठीं त्यानें दुसरें चित्र देण्याचें कबूल केलें आणि सुमारें चार आठवड्यांत तें पुरेंही केलें. दिवसा चित्रण, रात्रीं त्याच हॉटेलच्या रंगमंचावर त्याचे विनोदी प्रयोग! लेखक, निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तो एकटाच. दिग्दर्शनाचा तर हा त्याचा पहिलाच प्रसंग. नट स्वतःच दिग्दर्शक असला म्हणजे आपलें काम कसें वठलें हें त्याला पाहतां येत नाहीं. त्यावर लुईसनें तोड काढली. चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याला टेलिव्हिजनचा कॅमेरा जोडून तो आपला अभिनय तत्काळ पाहूं लागला. ही सोय पुढें चित्रपटधंद्यांत सर्वत्र रूढ झाली.

स्टॅन्ली बोलत नाहीं. हें नांव लॉरेल-हार्डी या जोडींतील स्टॅन लॉरेल याच्या गौरवार्थ ठेवलें आहे, आणि लॉरेलसारखा दिसणारा एक गृहस्थ चित्रांत मधून मधून डोकावूनही जातो. परंतु हें जुन्या मूकपटांचें निव्वळ अनुकरण नव्हे. एका प्रसंगीं स्टॅन्ली रिकाम्या रंगमंचासमोर उभा राहून नसलेल्या वाद्यवृंदाला हातवारे करून चालवितो आणि वाद्यें खरोखरच ऐकूं येतात. मूकपटाला हें साधलें नसतें.

दुसरा प्रसंग खुर्च्यांचा. एका प्रचंड दालनांत खुर्च्या मांडण्याचा हुकूम होतो. दूरवरून दिसणारी ती मोकळी जमीन आणि मुंगीएवढा स्टॅन्ली पाहून प्रेक्षकाला त्याची कींव येते. पण क्षणभरानें पाहावें तों सारें दालन खुर्च्यांनीं भरलेलें! खुर्च्या मांडतांना तो दिसतच नाहीं; हंसें उसळतें तें त्या गाळलेल्या भागामुळें. फोक्सवॅगन गाडीचा प्रसंगही असाच. त्या काळच्या या जर्मन गाडीचें इंजिन मागें असे. गाडीच्या पेटींतील सर्व कांहीं आणण्याची आज्ञा होतांच स्टॅन्ली इंजिनच उपटून आणतो. हुकमाचें त्यानें अक्षरशः पालन केलेलें असतें; मूर्ख म्हणावें तरी कोणाला?

सर्वांत बोचरा भाग मात्र वेगळाच आहे. लुईस स्वतःच्या नांवानें, नामांकित नट म्हणूनही या हॉटेलांत अवतरतो. त्याच्या मोटारींतून खुषमस्कऱ्यांचा तांडा बाहेर पडतो आणि त्यानें तोंड उघडतांच, विनोद असो वा नसो, सारे खदखदां हंसतात. सामान वाहणाऱ्याचें कोणी ऐकत नाहीं आणि या बड्या नटाचेंही कोणी ऐकत नाहीं; चेहरा दोघांचा एकच! सुटे सुटे विनोद एका दोऱ्यांत ओंवले गेले असतील तर ते येथें.

कांहीं विनोद फसलेलेही आहेत. मिल्टन बर्ल या नटाचा प्रवेश अमेरिकन प्रेक्षकाला जितका रुचला असेल तितका तो इतरांना रुचणार नाहीं.

अखेरीस वरिष्ठ संतापून जाब विचारूं लागतात आणि स्टॅन्ली एकाएकीं अगदीं नीट, शांतपणें बोलूं लागतो. सारे थक्क होतात. इतके दिवस कां बोलला नाहींस, असें विचारतां तो सांगतो कीं, आजवर त्याला कोणी विचारलेंच नव्हतें.